नऊ इंच पितळ

सिनेटर लुंडे गेले त्या मंगळवारी
बाहेर उणे बावीस होतं,
आणि बुधवारी मी दुकान उघडायच्या आत
डेक्स्टर प्रायरचा माणूस दारात उभा.
"घाई नाही," म्हणाला, "पण कोरून ठेव.
नऊ इंच पितळ. अक्षरं जरा भारदस्त."

मी चाव्या करतो, बुटांना टाचा लावतो,
बोलिंगच्या चषकांवर नावं घालतो.
कोणी कुठे बसायचं ते ठरवत नाही.
कोरून ठेवली.

म्हाताऱ्याला अजून पुरलंही नव्हतं.
जमीन एवढी गोठलेली की पेटी
एप्रिलपर्यंत शेडमध्येच राहणार होती,
आणि इकडे गुडघ्याला बाशिंग बांधून चौघे
राज्यपालांच्या कुत्र्याची तब्येत विचारत हिंडत होते.

शुक्रवारी राज्यपाल माइकसमोर आले,
चष्मा पुसला,
नाव घेतलं: अर्डिस क्वामी.

कोण?

कॅफेत मार्लिसने कॉफी कपाबाहेर ओतली.
न्हाव्याकडे अर्ध्या दाढीनिशी लॉयल उठून बसला:
"ती? काउंटीच्या नोंदवह्यांवाली?
माझ्या कुंपणाचा नकाशा तिने तीनदा परत पाठवला!"
"मग चूक कोणाची निघाली?" न्हाव्याने विचारलं.
लॉयल पुन्हा मागे रेलला.

वर्तमानपत्राकडे तिचा फोटो नव्हता.
मिळाला तो चर्चच्या तळघरातला:
हातात सुरी, समोर रूबार्बचा पाय,
डोळे अर्धे मिटलेले. तोच छापला.
पक्षाच्या अध्यक्षांनी अभिनंदनाचं पत्रक काढलं,
त्यात आडनाव चुकलं. दुसरं काढलं.
त्यातही.

कोणी म्हणालं, लुंडेंच्या शोकसभेनंतर
राज्यपाल कॉफीसाठी मध्येच घुसले
तेव्हा ती म्हणाली होती, "रांग तिकडून आहे."
त्यावरून निवडली.
कोणी म्हणालं, छे, दोन वर्षांचा तर प्रश्न,
खुर्चीवर टाकलेला रुमाल आहे तो.
बसणारा मागून येईल.

रिझर्वेशनवरची ज्युएल टू शील्ड्स
दुकानात किल्ली करायला आली होती.
"आजोबांच्या जमिनीचा कागद तिनेच शोधला,
अकरा वर्षं शोधत होती. मग म्हणाली,
कागद सापडला, जमीन माझ्या हातात नाही."
किल्ली दिव्यासमोर धरून दात मोजले तिने.
"आता बघू या, काय काय आहे हातात."

श्रीमती लुंडे कोणाशीच काही बोलल्या नाहीत.
नवऱ्याची वॉशिंग्टनमधली छत्री
वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्याकडे पाठवली.

शनिवारी प्रायर स्वतः आला.
इस्त्रीच्या कोटावर बर्फ.
पाटी हातात घेतली, नावावरून अंगठा फिरवला,
पैसे मोजले
आणि पाटी काउंटरवरच विसरून गेला.
विसरून म्हणजे, तुम्हाला कळलं असेल.
मला त्याची कीव येईल असं वाटलं नव्हतं.

सोमवारी ती. एका हाताने दार ढकलत,
दुसऱ्यात बऱ्यापैकी एकुलते एक बूट.
"डावी टाच. विमान चारला आहे."
मी टाच ठोकत असताना तिला पाटी दिसली.
उलटी केली. मागची बाजू आरशासारखी.
"ही तर कोरी आहे."
"पण पुढे त्यांचं नाव..."
"भिंतीकडे राहील. पितळ महाग झालंय."

मग मी कोरलं. दोन 'म' असलेलं क्वामी,
एक एक अक्षर तिने खांद्यावरून तपासलं.
"लोक रुमाल म्हणतात तुम्हाला," मी बोलून गेलो.
"ऐकलं," ती म्हणाली. "पावती देता ना?"

दिली. तारीख नाही म्हणून परत केली.
तारीख बघायला मी भिंतीकडे वळलो,
तर कॅलेंडर अजून डिसेंबरवरच,
आणि त्यावर लुंडे,
दरवर्षी टपालाने फुकट पाठवायचे तो,
गव्हाच्या शेतात टोपी उंचावून
कोणाला तरी, बहुतेक सगळ्यांनाच,
या म्हणत होते.