खाडा

सीप्झमध्ये मी खडे मोजते.
चिमट्याने उचलायचे, भिंगाखाली धरायचे,
शंभराची पुडी, पुडीवर आकडा, खाली सही.
एक कमी भरला तर अख्खी लादी झाडायला लावतात.

शनिवारी स्वरूपाच्या पोटावर पहिला दिसला,
पाण्याचा, टचटचीत.
संध्याकाळपर्यंत अकरा.
रविवारी मी मोजणं सोडलं.

परब मावशी दारातूनच म्हणाल्या,
बाया आल्यात गो, आठवडाभर फोडणी घालू नको,
आणि विक्रोळी डेपोमागच्या झाडाचा पाला
आणून दिला चादरीखाली घालायला.
डॉक्टर केणी म्हणाले, फोडणी खुशाल घाला,
नखं तेवढी कापा.
मी दोघांचंही ऐकलं :
नखं कापली. वरण बिनफोडणीचं.

शाळेत कधी?
नवा फोड यायचा थांबला
आणि आहेत त्या प्रत्येकावर खपली धरली, की.
खपली पडायची वाट बघू नका,
पण ओला एकही नको.

एकही.
हा शब्द माझ्या रोजच्या ओळखीचा.

बाईंना फोन केला तर त्या आधी गप्पच झाल्या.
मग म्हणाल्या, शुक्रवारी ती सेजलशेजारी होती ना.

सेजल डोळस. महिन्यातले निम्मे दिवस परळला,
उरलेले तिसऱ्या बाकावर, विणलेल्या टोपीत.
वेणी नाही म्हणून शाळेची लाल रिबीन
बाईंनीच शिवून दिलीय तिच्या टोपीला.

अंगावर उठायच्या आदल्या दिवशीही लागतं म्हणे.
तो दिवस मी कुठून मोजणार होते?
सेजलला त्याच रात्री सुई टोचून आणली,
एवढंच कळलं.

गुरुवारी सुपरवायझरचा फोन.
चार खाडे झाले, ताई.
उद्या आलात तर आलात.

शुक्रवारी पहाटे मोबाईलच्या उजेडात
मी तिला उलटीसुलटी करून पाहिली.
पाठ सुकली, पोट सुकलं,
केसांत बोटं घालून टाळूही पाहिली.
डाव्या कानामागे एक.
पाण्याचा.

मी पावडर लावली.
वेणी सैल घातली, कान झाकेल अशी.
डबा, दप्तर, टाय.
जिन्यात दुसऱ्या मजल्यावर ती थांबली :
"आई, मी सेजलच्या कुठल्या बाजूला बसू?
हा कान तिच्याकडे नको ना?"

परत वर आलो.
मी रागावले होते, तिच्यावर, उगाच.
परब मावशींनी दार उघडलं, बाही वर सारली :
हे बघ माझे खड्डे, चौथीतले.
मला काय करणार आहेत आता? ठेव हिला हयच.
बस उशिरा मिळाली. अर्धा दिवस कापला.

सोमवारी कानामागे खपली,
कोरडी, तपकिरी, काठाला सुटू लागलेली.
दीडशे रुपयांचा कागद बाईंच्या टेबलावर.
स्वरूपाने पोटावरच्या दोन पडलेल्या खपल्या
कंपासपेटीत ठेवल्या होत्या, सेजलला दाखवायला.
त्या मी काढून टाकल्या. पार गेटपर्यंत रडली.

संध्याकाळी मोरीत डबा ठेवत म्हणाली,
"सेजल नव्हती. तिचा खाडा."
परळचा की कसला, तिला माहीत नाही.
बाईंना विचारायला मी फोन उचलला,
नंबर काढला,
आणि आधी कुकर लावला.

त्या पहिल्या शुक्रवारपासून एकवीस दिवस धरतात.
आज दहा.
कामावर चिमटा हातात असतो, भिंग डोळ्याला,
सदुसष्ट, अडुसष्ट,
आणि मध्येच आकडा सुटतो.
पुडी उलटी करते.
पुन्हा एकपासून.