दगडफूल

माठाच्या आतून बोट फिरवलं की
जे बुळबुळीत लागतं,
त्याच्यावर माझी पीएचडी. तिसरं वर्ष.

आईला एवढंच सांगितलंय.
ती म्हणाली, काथ्या घे आन् घास की.
बरोबर आहे तिचं.
पण सिव्हिलमध्ये सात नंबरच्या खाटेवर
वडूजचे घार्गे मास्तर आहेत,
त्यांच्या नळीत काथ्या जात नाही.
तीनदा बदलली नळी, तीनदा आत तोच थर,
स्वतःच विणलेल्या चिकट घोंगडीखाली
जंतू एकमेकांना बिलगून.
वरून औषध म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

हळदीपासून सुरुवात केली, सगळेच करतात.
मग लवंग, कडुलिंब, करंजाची साल.
शहाण्णव खळग्यांची तबकडी,
त्यात जांभळा रंग, मग तीनदा धुणं.
थर असला तर जांभळं राहतं.
राहिलं.
वहीत तारीख, पुढे 'जांभळं'.
एका मंगळवारी नुसतं 'जां'.

एप्रिलात आमचा डंका पहाटे पाचला सुरू होतो.
मिरचीच्या खकाण्यात आई नाकाला पदर बांधून,
आणि परातीत ते करडं, कागदासारखं कुरकुरीत
दगडफूल.
मूठभर मागितलं.
"भाजल्याबिगर वास न्हाई त्याला.
आन् तोलून ने,
माल आपला न्हाई, वेणूताईंचा हाय."

मी भाजलं नाही.
रात्रभर अॅसिटोनमध्ये ठेवलं.
बुरशी आणि शेवाळ, दोघांचं एक बिऱ्हाड,
दगडाला चिकटलेलं.
म्हणजे हाही एक थरच की.
चिकटणाऱ्यालाच विचारावं,
सुटतं कसं?

एकेचाळिसाव्या तबकडीत
तीन खळगे पाण्यासारखे.
खिडकीशी नेऊन धरले.
त्यांतून अजिंक्यतारा दिसला, वाकडा.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दुकानातलं आणलं.
जांभळं.
परत वेणूताईंचं. फिकट.
कुठल्या डोंगरातलं, कुठल्या सालीवरचं,
दुकानदार म्हणतो, पोतं येतं, आम्ही फोडतो.
वेणूताईंकडे उरलंय पावशेर.

मास्तर परवा घरी गेले, चौथी नळी लावून.
जाताना म्हणाले, तुझं ते फूल कधी यायचं बाजारात?
सर, ते फूल नाहीच, मी म्हणाले.
त्यांनी शिक्षकासारखी मान हलवली,
चूक सापडल्यासारखी, माझी की नावाची
कळलं नाही.

संध्याकाळी माठ घासला काथ्यानं.
बोट फिरवलं. पुन्हा घासला.
तिसऱ्यांदा
आईने तो हातातून काढून घेतला.