हातांचे वेगळे

कुताइसीत, औषधांच्या दुकानावर माझी खोली.
दारावर दरपत्रक: चेहऱ्याचे ऐंशी लारी,
छातीपर्यंत एकशे वीस,
हातांचे वेगळे.
चामखीळ वगळणं फुकट.

फेब्रुवारीत टर्पेंटाइन महागलं, गिऱ्हाईक आटलं.
घरमालक गिवी जिन्यात येऊन नुसता खोकतो,
काय ते मी समजायचं.

मग त्सियाला आली. नवऱ्याचा फोटो,
पासपोर्टचा, गळ्याशी कापलेला.
"हात हवेत," म्हणाली.
हात यात नाहीत, मी म्हटलं,
आणि त्यांचे वेगळे पडतात.

तिनं पर्स उघडलीच नाही.
बाही सारून स्वतःच्या हातावर दाखवू लागली:
भट्टीत वाकून वाकून इथवर भाजलेलं,
इथं केस उगवायचे नाहीत,
करंगळी अशी, जरा रुसल्यासारखी.
मी तिचाच हात काढत गेले.
तिला कळलं. बोलली नाही.

वहीत जमेला काय लिहू?
पहाटे दाराशी पाव असतो, कापडात, गरम.
अर्धा गिवीला देते.
हल्ली तो खोकताना
तोंडावर हात धरतो.