झाडू

हार्लन स्टॉड गेला, तेव्हा शेडची किल्ली
त्याच्या पुतण्याने माझ्या हातावर ठेवली.
"तुलाच कळेल यातलं," म्हणाला, आणि गाडी काढली.

ओहायो नदी इथे कोपरात दुमडते.
काठाने बंद पडलेल्या भट्ट्या,
एका धुराड्यातून मेपल उगवलाय.
एके काळी म्हणे अर्ध्या देशाच्या बशा
याच गावात भाजून निघायच्या.

शेडमध्ये झिलईच्या बरण्या, वर पेन्सिलीची अक्षरं.
कोबाल्ट. तांबं. कथील.
शिशाच्या बरणीवर कवटी काढलेली, तीही हसरी.
आणि कोकोचा एक डबा, त्यावर एवढंच: नारिंगी.

उघडला तर आत पिवळी पूड.
हळदीपेक्षा फिकी, पिठापेक्षा जड, फार जड.
पिवळ्याचं नारिंगी कसं होतं ते भट्टीलाच ठाऊक.
पण काय नारिंगी!
पिकल्या पर्सिमनसारखं, डोळ्यांत भरून उरणारं.

युद्धाआधी कारखान्यातून आणली होती त्याने,
रोज थोडी, जेवणाच्या डब्यातून.
मग सरकारची माणसं आली, उरलेली सगळी घेऊन गेली.
कशाला, ते कुणी सांगितलं नाही.
लाल बशा बंद झाल्या.
ऑगस्टमध्ये वर्तमानपत्र आलं.
"माझ्याकडे एक डबा राहिला," हार्लन सांगायचा,
"आणि त्यांच्याकडे जे गेलं त्याचं..."
हे वाक्य त्याने कधी पुरं केलं नाही.
चाकाला लाथ घालायचा आणि माती मधोमध आणत बसायचा.

फायर स्टेशनचा ड्वेन पिवळी पेटी घेऊन आला,
बाँबच्या भीतीच्या दिवसांतली, अजून चालणारी.
बशीजवळ नळी नेली, तशा लाह्या फुटायला लागल्या.
डब्याजवळ तर नुसता कडकडाट.
"कपाटात ठेवलीस तर बशी काही करणार नाही," ड्वेन म्हणाला,
"फक्त तीत जेवू नकोस. आंबट तर नाहीच."

मला ऑर्फा आठवली, हार्लनची बायको.
व्हिनेगरमध्ये मुरवलेले टोमॅटो,
रात्रभर त्या नारिंगी वाडग्यात.
आंबट सगळं ओढून घेतं, झिलईतलंही.
तिची मूत्रपिंडं गेली एकसष्टाव्या वर्षी.
वाडग्यामुळे? कोण सांगणार.
इथे निम्म्या गावाचं काही ना काही गेलेलं आहे,
आणि निम्मं गाव नव्वदी गाठतं.

ड्वेन पेटी बंद करत होता. मी म्हटलं, थांब.
कोपऱ्यात झाडू उभा होता.
तोच. मुठीला सुतळी गुंडाळलेला.
नळी नेली.
बशीइतका नाही.
पण वाजला.

बारा वर्षांची होते मी. दर शनिवारी पाव डॉलर.
हार्लन पूड चाळायचा, ऑर्फाच्या जुन्या मोज्यातून,
आणि खिडकीतल्या उन्हात ती तरंगत राहायची,
इतकी सुंदर की मी झाडणं सोडून बघत बसे.
मग झाडायची, कोरडंच, जोरात,
शीळ वाजवत.
शीळ वाजवायला आधी श्वास ओढावा लागतो.
हे मला या वर्षी सुचलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आकडे ठीक आहेत.
इतक्या जुन्या शनिवारांचं काय विचारताय?

डबा गेला, दोन डब्यांच्या आत बंद होऊन,
सही घेऊन, पांढऱ्या गाडीतून.
झाडूही गेला.
एक बशी ठेवलीय, काचेच्या कपाटात, उंचावर.
तिच्यावर राग धरायला गेले,
आणि दुपारचं ऊन तिच्यावर पडलं.

आता माझ्याच शेडमध्ये टॅविया येते, कॉलेजातली.
पहिल्याच दिवशी विचारलं तिने,
इथे झाडू कसा नाही?
मी बादली दाखवली. फडकं. पाणी.
पुसायचं. झाडायचं नाही.
का, ते पुढच्या खेपेला सांगेन म्हटलं.
तीन खेपा झाल्या.

आज काम उरकता उरकता तिने शीळ घातली.
माझी नजर आधी जमिनीवर गेली.
ओली होती.
मग मी काही बोलले नाही.