टेम्पोची खुंटी

घणसोली, सेक्टर सात, तळमजला.
कुंदाताईंनी तेवीस वर्षं चालवलेलं पाळणाघर.
पोरांचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर खुंट्या,
प्रत्येकीवर एक चित्र, कारण वाचता कुणालाच येत नव्हतं:
बदक, टोमॅटो, उलटं चिकटलेलं कासव.
जुईलीची छत्री.
तिच्या शेजारी टेम्पो. तो झियानचा.

कुंदाताईंचे गुडघे गेले, मुलगा पुण्याला,
जागा संस्थानानं घेतली.
बळजबरी कुणी केली नाही, हे आधी सांगते.
पत्रक आलं. पेढे आले. फी आठशेनं उतरली.
दोन वर्षं किरकिरणारा पंखा एका दुपारीत बदलला.
दारावर कॅमेरा बसला.
मी महापेला पॅकिंगमध्ये, आठ दहाची कंपनीची बस,
मला कॅमेरा आवडला.
खोटं कशाला बोलू.

मग सोमवारचं अंडं गेलं,
मग बाकीच्या वारांचं.
हौसामावशीचं खेकड्याचं गाणं गेलं,
त्या जागी वीस मिनिटं डोळे मिटून बसणं.
ज्याचे उघडले त्याला चांदणी नाही.
मग बिल्ला लावलेली एक ताई दाराशी बसू लागली,
हसून, अगदी गोड हसून
चमच्याच्या टोकानं भात वर करून बघायची
खाली काही आहे का.

आम्ही आगरी.
सुकटीचा वास आमच्या भिंतींतच मुरलेला.
आजेसासऱ्यांची भातखाचरं या सेक्टरखाली गेली,
पाळणाघराच्या मोरीखाली बहुतेक त्यांचाच बांध.
त्या बांधावर माझ्या लेकीच्या डब्याची झडती चाललेली
आणि मी वाकून
चपलेचा पट्टा लावत होते.

नाझनीन वाशीच्या लॅबमध्ये रक्त काढते.
तिलाही कुणी नको म्हटलं नाही.
नव्या फॉर्मवर फक्त एक ओळ होती, खालून तिसरी:
नित्यपाठाला आमची संमती आहे.
तिनं उभ्या उभ्या वाचलं, पेन मागितलं,
परत वाचलं,
पेन परत दिलं.
"अम्मीकडे ठेवते, भिवंडीला," म्हणाली,
"रविवारी आणत जाईन खेळायला."
एक रविवार आणला.

त्याच पेनानं मी सही केली.

घरी नवरा म्हणाला, बरंय, वळण लागेल.
आठशे रुपये स्कूटरच्या हप्त्यात गेले.
बोंबील तळले त्या रात्री
जुईलीनं नाकाला फ्रॉक लावला,
"आजी, तू खाल्लंस की तुला पाप लागतं ना?"
सासू खो खो हसली.
मग हसणं मध्येच कुठंतरी अडकलं.
हल्ली ती ताट घेऊन गॅलरीत बसते,
आमच्याकडे पाठ करून, लवकर लवकर जेवते,
चोरून खाल्ल्यासारखं.
तिला आत ये म्हणायला
मला अजून जमलेलं नाही.

गेल्या आठवड्यात खुंट्यांवरची चित्रं खरवडली,
सगळ्यांवर एकसारखे दिवे लावले.
पोरं गोंधळतात, एकमेकांची दप्तरं घेऊन घरी जातात.
टेम्पोवर कुणाचं दप्तर नव्हतं,
म्हणून तो खरवडायचा राहून गेला.

काल घ्यायला गेले तर जुईलीचं दप्तर जमिनीवर.
"अगं, लाव की तिथं, रिकामीच आहे."
"रिकामी नाहीये," ती म्हणाली,
जशी मी तिला वजाबाकी शिकवताना म्हणते तशी,
"टेम्पो माल घेऊन गेलाय. येईल."

वर कॅमेऱ्याचा लाल ठिपका.
मी त्याच्याकडे बघितलं, मग दाराकडे,
बिल्लावाली ताई हसली, मीही हसले.
दप्तर उचललं तर खालून ठिबकत होतं,
पाण्याची बाटली
कुणी नीट बंद केली नव्हती.