पावाच्या पिशवीतली चिठ्ठी

कायतान,
हे लवीनाकडून वाचून घे, तिला शाळेत मराठी आहे.
उद्यापासून तुझा भोंपू पुन्हा वाजव.
मीच सांगितलं होतं बंद कर म्हणून,
फाटकाशी येऊन, ओल्या हातांनी,
पोर कान झाकते, भिंतीशी जाऊन बसते,
तर आमच्या दारावरून जरा गप्प जा.
तू काही विचारलं नाहीस.
दुसऱ्या दिवशी त्या काळ्या रबरी फुग्यावर
फडकं गुंडाळून आलास,
आणि वळणावरच्या खुरसापर्यंत
सायकल हातात धरून चालत गेलास.

असं आजवर कोणी केलं नव्हतं.
चतुर्थीला जाऊबाई म्हणाल्या, घुमट वाजणारच,
देवाचं आहे, तिला आतल्या खोलीत ठेव.
रायबंदरला बसमध्ये एका बाईने विचारलं,
ग्रहण पाळलं नव्हतंस का गं?
आणि पर्वरीच्या बाई, शर्वाणीला शिकवतात त्या,
त्यांनी एकदा मलाच विचारलं,
तुम्ही कधी झोपता?
मी फेरीबोटीची वेळ बघितली.

तर झालं असं.
तू गप्प गेलास त्या सकाळपासून
ती अंगणात उतरली नाही.
पायरीवर बसायची, डुलत,
एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं मोजत,
सहा दहा, सहा पंधरा, साडेसहा.
पाव टेबलावर होता, तोच, गरम.
शिवली नाही.
कांकण दिलं. ते ती खात नाही, त्यातून बघते,
माडाकडे, विहिरीकडे, कधी माझ्याकडे.
तेही सरकवून दिलं.
आठ दिवस.
मला वाटलं ताप. मग वाटलं दाढ.
तिचा बाबा जहाजावरून म्हणाला
(तिथे रात्र होती, मागे कोणीतरी भांडी घासत होतं)
घरात काय काय बदललंय, लिहून काढ.
मी लिहिलं: पडदा. साबण. मांजरीची पिल्लं.
तू आठवला नाहीस.
शांतता यादीत कशी लिहायची?

काल पलीकडे, साल्वादोरच्या घरापाशी
तुझं फडकं सुटलं असणार.
पों पों.
ती उठली.
हात कानांवर गेलेच. ते तसेच ठेवून धावली,
फाटकाच्या गजांना कपाळ लावून उभी राहिली
आणि हसली, कायतान,
कान झाकून हसली.

म्हणजे नऊ वर्षं मी काय वाचत होते?
कानांवर हात म्हणजे नको, एवढंच.
तो आवाज तिला टोचतो, टोचतच असेल,
पण त्याच्याशिवाय तिची सकाळ
धक्क्याला लागत नाही.
हाही माझा अंदाजच.
ती सांगायची नाही आणि मी विचारायची थांबायची नाही,
असं आमचं दोघींचं चाललंय.

तर वाजव. फक्त एवढं कर:
आधी एकदा लांबून, आंब्यापाशी, हळू,
म्हणजे कान झाकायला तिला वेळ मिळेल.
मग फाटकाशी, नेहमीसारखा.
उशीर होणार असेल तर मिस्ड कॉल दे,
मी घड्याळ उलटं करून ठेवेन.
चार उंडे, दोन पोळ्या, एक कांकण.
कांकण मोडकं नको, तिला भोक अख्खं लागतं.
मागच्या आठवड्याचे पैसे पिशवीतच आहेत, खाली बघ.

आणि ते फडकं टाकू नकोस.
चतुर्थीला मागून घेईन,
घुमटावर गुंडाळून बघते.