नापास द्राक्षं

नाशिकरोडच्या छापखान्यात एकोणीस वर्षं झाली,
माझं काम नापास करण्याचं.
करकरीत ताव उजेडासमोर धरायचा,
शाई फुटलीय का, आकडा सरकलाय का,
कडेला केसाएवढी रेघ आहे का.
असेल तर लाल पेन्सिलीची फुली.
दिवसभर पैसा बघते
आणि संध्याकाळी झडती देऊन, रिकाम्या हातांनी,
जेल रोडची रिक्षा धरते.

डब्याच्या वेळी नवी सुपरवायझर विचारते,
"वाघचौरे ना तुम्ही? मग नाव तबिथा कसं?"
ख्रिस्ती आहोत, सांगते.
"हो, पण त्याच्या आधी? मूळचे कोण?"

या 'मूळचे'पाशी माझा घास नेहमी अडकतो.
पणजोबा राहुरीकडून आले, दुष्काळात,
एवढं ठाऊक आहे.
तिकडं गाव त्यांना काय म्हणून हाक मारायचं
तेही ठाऊक आहे.
माझ्या दाखल्यावर एक रकाना आहे.
त्यात वडिलांनी एक लिहिलं,
मास्तरांनी दुसरं,
कचेरीनं दोन्ही खोडून तिसरंच.
असा ताव माझ्या टेबलावर आला असता
तर मीच फुली मारली असती.

एक गोष्ट मात्र कामावरच कळली.
नोटेतला वॉटरमार्क छापत नाहीत.
कागद अजून लगदा असतो, ओला असतो,
तेव्हाच तो त्यात उमटतो.
आमच्याकडे कागद येतो तोच चेहरा घेऊन,
शाई सगळी नंतरची.
टेबलावर पालथा पडला तर काही दिसत नाही.
धरावा लागतो, कुणीतरी, उजेडासमोर.
हे मी पाळकसाहेबांना सांगितलं नाही.
त्यांनी लगेच रविवारी त्याचा उपदेश केला असता.

आई होती तोवर प्रभुभोजनाचा द्राक्षरस ती करायची.
आता मी.
फेब्रुवारी सरता सरता ओझरला जाते,
पॅकहाऊसच्या मागच्या दाराशी
बोटीवर न चढलेली काळी द्राक्षं क्रेटनं मिळतात.
मणी बारके, सालीवर डाग, घड विस्कटलेले.
तिथं एक बाई उभी असते, हातात कात्री,
मान माझ्यासारखीच एका बाजूला आखडलेली.
तिनं नापास केलेलं मी विकत घेते.
आम्ही दोघी भावावरून थोडं भांडतो.

घरी येऊन निवडते, धुते, ठेचते.
फडक्यातून पिळताना कोपरापर्यंत जांभळी होते,
आणि त्या वेळात, खरंच सांगते,
मला कुणी विचारलेलं काहीच आठवत नाही.
याला प्रार्थना म्हणायचं की नुसतं काम,
आईला विचारायचं राहून गेलं.

शरणपूरच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर
शद्रखकाका बसतात. काचबिंदू.
दहा वर्षं झाली, उजेड तेवढा कळतो.
दानाच्या थैलीत नोट टाकण्याआधी
तिची कड अंगठ्यानं चाचपतात,
माझ्याहून बरे परीक्षक.
यंदा मंडळीतले एक वडील आजारी,
म्हणून पेल्यांचा ट्रे माझ्या हाती आला.
मी काही बोलले नव्हते.
"तबिथा," ते म्हणाले.

कसं ओळखलंत?

"बाहेर तिसऱ्या पायरीवर थांबतेस ना तू.
एवढीशी होतीस तेव्हापासून.
आत येऊ का विचारल्यासारखी."

कुणाची, कुठली, आधीची कोण,
काही नाही.
नुसतं नाव.
ट्रेमधले पेले किणकिणले, हात माझा होता.

त्यांनी इवलासा पेला रिकामा केला, ओठ पुसले,
हळूच म्हणाले, "यंदा साखर कमी."
साखर नसते यात काका, मी कुजबुजले,
आईसुद्धा घालत नव्हती.
"घालायची," ते म्हणाले, "चिमूटभर. कुणाला सांगायची नाही."

मागची बाकं खोळंबली होती.
अजून एकतीस पेले भरलेले.
मी पुढं सरकले.